चार विसा दहा

बारावीनंतर मी ‘फ्रेंच भाषा आणि संस्कृती’ हा मेजर विषय घेतला. ही बातमी गावी पोचेपर्यंत त्यातलं फ्रेंच वाटेतच गळलं आणि मेजर तेवढं उरलं. आमचा सातारा जिल्हा, त्यामुळे पारावर माझ्या नावानं बराच अभिमान व्यक्त झाला. खरं काय ते कळल्यावर थोरले काका एवढंच म्हणाले, “भरतीला तरी उभी राहायचीस.”

पुण्यात निराळीच तऱ्हा. इथं फ्रेंच म्हणजे अकरावी-बारावीला मार्क पाडून देणारी भाषा. वर्गातल्या बऱ्याच जणी ‘बाँजूर’ शाळेतूनच शिकून आल्या होत्या. मी आले होते आयफेल टॉवर आणि अत्तरं डोक्यात घेऊन. पहिल्या आठवड्यात त्यातलं काहीच भेटलं नाही. भेटली क्रियापदं, आणि तीही माणूस बदलला की शेपूट बदलणारी. लिहिताना शेपूट लावायचं, बोलताना बहुतेक वेळा गिळायचं. ‘पक्षी’ अनेकवचनात लिहायला सात अक्षरं लागतात आणि तोंडातून बाहेर पडतं फक्त ‘वाझो’. एवढी उधळपट्टी आमच्याकडे लग्नातसुद्धा होत नाही.

मग लिंगं. तीन लिंगांत वाढलेल्या मुलीला दोनाचं काय भय, असं मला वाटलं होतं. पण नपुंसकलिंगच नसल्यामुळे आपली पुस्तकं, टेबलं, झाडं बेघर होतात आणि त्यांची सोय लावत बसावं लागतं. पुस्तक गेलं पुल्लिंगात, टेबल स्त्रीलिंगात. दाढी आणि मिशी आपल्यासारख्याच स्त्रीलिंगी निघाल्या, तेवढाच आधार. पण चंद्रही स्त्रीलिंगी! जन्मापासूनचा चांदोमामा एका तासात मावशी झाला. या भाषेवर पहारा ठेवायला कार्डिनल रिशल्यूनं १६३५ साली अकादमी काढली. तिच्या चाळीस सभासदांना ‘अमर’ म्हणतात. कामाची गती बघता ते असावंच लागतं: शब्दकोशाची आठवी आवृत्ती १९३५ साली निघाली, नववी पुरी झाली २०२४ मध्ये. २०२० साली सगळा देश कोविडला पुल्लिंगी म्हणून मोकळा झाला, तेव्हा या अमरांनी सांगितलं की तो नव्हे, ती.

दिवाळीला घरी आकडे घोकत बसले होते. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. बाबा म्हणाले, “असल्या हिशेबावर नेपोलियन युद्धं जिंकला?” आजी शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, “बराबर हाय की. चार ईसा आन धा.” आजी शेणी अजून विसांनीच मोजते. आख्ख्या घराण्यात फ्रेंच आकडे एका दमात कळलेली ती एकटीच, आणि ती चौथीच्या पुढं गेलेली नाही. मी जोर करून नव्व्याण्णव काढलं: चार-वीस-दहा-नऊ. आजीला ते पसंत पडलं नाही. “येवढं लांबड कशाला? पाच ईसाला येक कमी.” बेल्जियम-स्वित्झर्लंडमध्ये नव्वदसाठी सरळ एकच शब्द आहे, हे मी तिला सांगितलं नाही. उगाच घरात तट नकोत.

संस्कृतीच्या तासाला मोलिएर आला आणि जरा घरच्यासारखं वाटलं. त्याच्या १६६० सालच्या ‘स्गानारेल’वरून मर्फीनं इंग्रजी नाटक बेतलं आणि त्यावरून देवलांनी ‘संशयकल्लोळ’. म्हणजे आपला फाल्गुनराव पॅरिसहून लंडनमार्गे आलेला. बाबांना हे फोनवर सांगितलं. त्यांनी नाट्यगीतं ऐकण्यात उभा जन्म घालवलाय. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “पण पदं आपली ना?” पदं आपली, असं म्हटल्यावरच त्यांनी फोन ठेवला.

उलटा प्रवासही झालेला आहे. गी दलरी नावाचे फ्रेंच जेझुइट पुण्यात राहिले, वारीत चालले आणि १९५६ साली पॅरिसमध्ये त्यांनी केलेला तुकारामांच्या अभंगांचा फ्रेंच अनुवाद निघाला. सुट्टीत मी आजीला त्यातला एक अभंग माझ्या फ्रेंचमध्ये वाचून दाखवला. तिनं डोळे मिटून ऐकला. मला वाटलं, लागली समाधी.

“त्यो चालला व्हता का वारीला?”

“हो, पायी.”

“मग त्याला येतंय. आन तू?”

मी कधीच गेले नव्हते. आजीनं तिथल्या तिथं मला पुढच्या आषाढीला तिच्या दिंडीत घालून टाकलं. ऐन तेव्हाच नवं सत्र सुरू होतं, म्हणून मादामना रजेचा अर्ज द्यायचा आहे, आणि तो फ्रेंचमध्येच. गाडं पहिल्या ओळीत अडलंय: ‘दिंडी’ पुल्लिंगी धरू की स्त्रीलिंगी? चाळीस अमरांना विचारावं तर उत्तर यायला आणखी एक आवृत्ती जायची. आजीला मात्र कसली चिंता नाही. “न्हाई दिली रजा तर मला ने,” ती म्हणते. “आकडं तर येत्यातच मला.”