निकड दिसून येत नाही

कचेरी तालुक्याची असो की जिल्ह्याची, भांडारशाखेत एक आण्णा असतातच. त्यांचं टेबल कुणाला विचारावं लागत नाही. बामच्या वासामागं सरळ चालत जायचं.

सकाळी आण्णा बसतात तेव्हा टेबलाच्या वर छातीपर्यंत दिसतात. खुर्चीतला गॅस कधीचाच गेलेला. त्यामुळं ती माणसाला सावकाश खाली नेते, कुरकुरसुद्धा न करता. साडेअकराला खांदे दिसेनासे होतात आणि जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास टेबलावर नुसतं मुंडकं ठेवल्यासारखं वाटतं. मग आण्णा उठतात, दांडी ओढून खुर्ची वर घेतात आणि दुपारचा प्रवास सुरू होतो. शिपाई हल्ली घड्याळाकडं बघत नाही.

मॉनिटरखाली कागदाची दोन रिमं आहेत. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी, असं कुणीतरी सांगितलं होतं. सल्ला बरोबरच, पण आण्णांचा चष्मा दुहेरी भिंगाचा. त्यांना पडदा उलट खाली लागतो. आता खालच्या भिंगातून बघायला ते हनुवटी वर करतात. समोर उभ्या राहिलेल्या माणसाला वाटतं, साहेब फार तोऱ्यात आहेत. बिचाऱ्याची मान अडकलेली असते.

माउस उपड्या ड्रॉवरवर, पायाखाली टोनरचं खोकं, पाठीशी गुंडाळलेला टॉवेल. बसायची व्यवस्था कुठं चुकली आहे ते कळायला तज्ज्ञ लागत नाही. माणसानं कुठं काय खुपसलंय तेवढं बघावं. पण आण्णांनी हे सगळं स्वतःच्या हातानं खुपसलं असूनही त्यांचं निदान वेगळंच. मान दुखते एसीमुळं. कंबर धरते वातामुळं. बोटांना मुंग्या येतात त्या वयामुळं. हे दुखणं सोमवारी येतं, शुक्रवारी संध्याकाळी कळस गाठतं आणि रविवारी गायब होतं. दिवाळीत गावी सतरंजीवर झोपून आले तर पंधरवडाभर बाम नाही. ‘‘गावचं पाणी मानवतं,’’ आण्णा सांगतात.

आस्थापनेतली नवी मुलगी वाचणारी आहे. तिनं सांगितलं, ‘‘आण्णा, इटलीत रामाझिनी म्हणून एक डॉक्टर होता. कारकुनांना दुखणी का जडतात ते त्यानं १७१३ सालीच लिहून ठेवलंय. एकसारखं बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होईल याची धास्ती.’’

आण्णांनी मान वळवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग अख्खी खुर्चीच वळवली. ‘‘तिकडं थंडी फार असते गं.’’

तरी पोरीनं हार मानली नाही. सगळ्यांच्या सह्या घेऊन नव्या खुर्च्यांचा प्रस्ताव दिला. तो साहेबांकडून अभिप्रायासाठी भांडारशाखेत, म्हणजे आण्णांकडंच आला. त्यांनी जडसंग्रह नोंदवही काढली, खुर्च्या मोजल्या, निर्लेखनाचा जुना पत्रव्यवहार जोडला आणि सुवाच्य अक्षरात शेरा मारला: ‘अस्तित्वातील खुर्च्या वापरण्यायोग्य आहेत. तूर्त निकड दिसून येत नाही.’

शेरा त्यांनी कपाटापाशी उभ्यानंच लिहिला. बसून लिहिलं की मनगट दुखतं.