सेल डी-५ मधील दशांश सहा यांस

प्रति,
श्री. दशांश सहा (०.६),
मुक्काम सेल डी-५, शीट 'बस नियोजन'.

विषय: पूर्णांकांसाठी राखीव असलेल्या सेलमधील आपल्या वास्तव्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि. उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपण ज्या सेलमध्ये राहता तिथे बसगाड्या मोजल्या जातात. तिथे तुकड्यांना परवानगी नाही. तशी अटही लिहून लावलेली आहे. तरीही आपण दर महिन्याला नवीन वाटेने आत येता, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहावं लागत आहे.

प्रकरण वाचकांनाही कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. चाकण एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात पहिल्या पाळीला ४३० माणसं आणायची असतात. मोठी बस ५० सीटची, दिवसाचं भाडं ९,००० रुपये. टेम्पो ट्रॅव्हलर १७ सीटची, भाडं ३,५००. सगळे बसले पाहिजेत आणि खर्च कमीत कमी आला पाहिजे, तर कोणत्या किती गाड्या लावायच्या? एक्सेलच्या सॉल्व्हरला हे विचारलं. त्याने पापणी लवायच्या आत सांगितलं: मोठ्या बस ८.६, ट्रॅव्हलर शून्य, खर्च ७७,४००. आठ बस आल्या आणि त्यांच्या शेपटाला धरून आपण आलात.

हिशेबाने पाहिलं तर आपल्याला बोल लावता येत नाही. मोठ्या बसची एक सीट १८० रुपयांना पडते, ट्रॅव्हलरची जवळजवळ २०६ ला. मग सॉल्व्हरने ट्रॅव्हलरकडे ढुंकून तरी का बघावं? ४३० ला ५० ने भागलं, विषय संपला. पण उद्या ट्रॅव्हल्सवाल्याला फोन करून "सहा दशांश बस पाठवा" म्हटलं, तर तो काय करेल? "पाठवतो की साहेब" म्हणेल आणि बिल अख्ख्या बसचं लावेल.

आपल्यावरचा आमच्या ऑफिसातला पारंपरिक उपाय म्हणजे राउंड ऑफ. एचआरचं म्हणणं, ८ करा, तीस माणसं ॲडजस्ट होतील. म्हणजे प्रत्येक बसमध्ये तीन-चार जण दांडीला लोंबकळत येतील, आणि ते एचआरमधले नसतील. वरिष्ठांचं म्हणणं, ९ करा, भानगड नको. नऊ बस म्हणजे ८१,०००. कोणी हरकत घेत नाही, कारण नऊ हा आकडा दिसायला सभ्य आहे.

खरं उत्तर या दोघांच्याही पलीकडे आहे. आठ मोठ्या बस आणि दोन ट्रॅव्हलर. सीट ४३४, खर्च ७९,०००. सात बस घेतल्या तर पाच ट्रॅव्हलर लागतात आणि खर्च ८०,५०० वर जातो. सहा घेतल्या तर ८२,०००. म्हणजे ७९,००० च स्वस्त. नऊ बसपेक्षा दिवसाला २,००० कमी, सव्वीस दिवसांच्या महिन्याला ५२,०००. आता गंमत बघा. आपल्या उत्तरात ट्रॅव्हलरचा आकडा शून्य होता. शून्याला वर ढकला की खाली, राउंड करून तो दोन व्हायचा नाही. आपल्याला घासूनपुसून पूर्ण करणं आणि पूर्ण गाड्यांत प्रश्न सोडवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे आमच्याकडे अजून कोणाला पटलेलं नाही. आपल्याला ते पहिल्यापासून माहीत असावं, असा माझा दाट संशय आहे.

असो. मग डी-५ आणि डी-६ या दोन्ही सेलवर 'इंट' अशी अट लावली, म्हणजे इथे फक्त पूर्णांक. आपण गेलात असं वाटलं. आता आपल्या परत येण्याच्या वाटा नोंदवून ठेवतो.

पहिली वाट वेषांतराची. कोणीतरी कॉलमचं फॉरमॅट शून्य दशांशावर ठेवलं होतं. डी-५ मध्ये ठळक ९ दिसत होता. प्रिंट निघाली, सह्या झाल्या. अकाउंट्सच्या मॅडमनी सवयीप्रमाणे कॅल्क्युलेटर काढला: नऊ गुणिले नऊ हजार, ८१,०००. शेजारी छापलं होतं ७७,४००. त्यांनी पेन्सिलीने त्या दोन आकड्यांना गोल केला, मधे एक प्रश्नचिन्ह काढलं आणि कागद परत पाठवला. नवाच्या कोटाखाली आपण ८.६ बसला होतात! फॉरमॅट फक्त चेहरा बदलतं, सेलमधला आकडा तसाच राहतो. पण सही करणारा माणूस चेहराच बघतो, हे आपण बरोबर हेरलंत.

दुसरी वाट एका टिकची. सॉल्व्हरच्या ऑप्शन्समध्ये 'इग्नोर इंटिजर कन्स्ट्रेंट्स' असा एक चौकोन असतो. पूर्णांकांची अट असली की सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट मिळत नाही; तो रिपोर्ट हवा म्हणून कोणीतरी ती टिक केली, रिपोर्ट काढला आणि टिक तशीच ठेवून जेवायला गेलं. त्यानंतर अटींच्या यादीत 'इंट' दिमाखात लिहिलेलं असतं आणि सॉल्व्हर त्याकडे बघतसुद्धा नाही. सरकारी खात्यांत 'येथे थुंकू नये' या पाटीचं जे होतं, तेच.

तिसऱ्या वाटेवर आपल्याला आमच्याच माणसाने नेलं. त्याला 'इंट'वर भरवसा नव्हता, म्हणून त्याने खर्चाच्या आणि सीटच्या फॉर्म्युल्यातच 'राउंड' टाकलं. सॉल्व्हरमध्ये सिम्प्लेक्स एलपी निवडलेलं असतं तर त्याने लगेच तक्रार केली असती की बाबा, हे गणित रेषीय राहिलेलं नाही. पण निवडलेली होती मूळचीच पद्धत, जीआरजी नॉनलिनियर. ती आकडा केसभर हलवून बघते की खर्च कुठे घसरतोय का. राउंड केलेला खर्च केसभराने कसा घसरणार? तो ढिम्म. मग ती म्हणते, यापेक्षा चांगलं काही नाही, आणि जिथून निघाली तिथेच बसते. आपण सेलमध्ये आरामात, वर हिरवा झेंडा. जिथे गाड्यांना ठराविक आकड्यांनी गुणून बेरीज करण्यापलीकडे काही नाही, तिथे सिम्प्लेक्स एलपीच निवडावी, एवढं जरी आमच्या ग्रुपवर पिन करून ठेवलं तरी आपला निम्मा प्रवास बंद होईल. (एकाने 'इंट' ही अट गाड्यांच्या एकूण बेरजेच्या सेलवर लावायचा प्रयत्न केला होता. ती तिथे लागतच नाही. सॉल्व्हर ज्या सेलमध्ये स्वतः आकडे भरतो तिथेच लागते. बेरीज पूर्णांक असली म्हणून काय झालं, ४.४ आणि ५.६ मिळूनही दहाच होतात.)

चौथी वाट सगळ्यात बेमालूम, कारण तीत आपण स्वतः येतच नाही. आपण फक्त आपली सावली पाठवता. त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल.

१९४७ साली जॉर्ज डँट्झिग यांनी सिम्प्लेक्स पद्धत काढली, तेव्हापासून आपलं कूळ ऑफिसांत मान्यता पावलं. त्या गणिताला तुकडे चालतात. उलट तुकड्यांवाचून ते इतकं भरभर सुटलंच नसतं. तुकडे नकोत म्हणणाऱ्यांची मोठी सोय १९६० साली झाली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये एल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग या दोघींनी 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकात आपल्यासारख्यांना पकडायची पद्धत छापली. तिला पुढे ब्रँच अँड बाउंड असं नाव मिळालं. युक्ती साधी आहे. उत्तर ८.६ आलं? ठीक, मग बस एक तर ८ किंवा त्याहून कमी, नाही तर ९ किंवा त्याहून जास्त. मधली गल्ली बंद. दोन्हीकडे वेगळं गणित मांडा. ९ च्या फांदीवर ८१,००० मिळतात. ८ च्या फांदीवर आठ बस आणि १.७६ ट्रॅव्हलर, खर्च ७८,१७६. तिथे पुन्हा तुकडा, पुन्हा दोन फांद्या. असं करत करत ७९,००० पर्यंत पोचायचं आणि ज्या फांदीवर याहून स्वस्त काही मिळण्याची आशाच नाही ती छाटून टाकायची. हे सगळं सॉल्व्हर आपल्या पाठीमागे करत असतो.

पण कुठे थांबायचं? बऱ्याच फांद्या असतील तर तो जन्मभर चढत राहील, म्हणून त्याला 'इंटिजर ऑप्टिमॅलिटी' नावाची सूट दिलेली असते: सर्वोत्तमाच्या इतक्या टक्क्यांच्या आत आलास की पुरे. जुन्या एक्सेलमध्ये ही सूट मुळातच ५ टक्के असे. ही सेटिंग्ज शीटबरोबरच साठवली जातात, आणि आमची फाईल तीन साहेबांच्या हातून वारसाहक्काने आलेली. तेव्हा सूट ५ टक्केच. ९ च्या फांदीवर आधी गेला तर ८१,००० हातात येतात. आपल्या ७७,४०० पासून ते पाच टक्क्यांच्या आतच आहेत. झालं, सॉल्व्हर तिथेच पंचा टाकतो आणि कळवतो की टॉलरन्सच्या आत पूर्णांक उत्तर सापडलं, सगळ्या अटी पाळल्या. खोटं काहीच नाही. पूर्णांक आहे, अटी पाळल्या आहेत, आणि महिन्याचे ५२,००० गेले आहेत. तो संदेश शेवटपर्यंत वाचणारा माणूस मी अजून आमच्या मजल्यावर पाहिलेला नाही. 'सापडलं' एवढं वाचून सगळे ओके दाबतात. दोन सेलच्या गणिताला ही सूट शून्य ठेवली तरी सॉल्व्हरला घाम फुटत नाही. दीडशे सेल असतील तर मात्र सूट द्यावी लागते, नाही तर संध्याकाळची बस सुटून जाते.

आपले धाकटे बंधू श्री. १.९९९९९९९ यांचाही उल्लेख करणं भाग आहे. संगणक आकडे ज्या पद्धतीने साठवतो त्यामुळे, आणि सॉल्व्हर अटी मोजताना दहा लाखांत एकाइतकी ढिलाई चालवून घेतो म्हणून, दोन ट्रॅव्हलर कधीकधी १.९९९९९९९ होऊन येतात. बघायला दोनच. पण पुढच्या बुकिंग शीटवर 'इंट' हे फंक्शन लावलेलं होतं. ते फंक्शन खालचा पूर्णांक देतं, आणि याचा खालचा पूर्णांक एक! एकच ट्रॅव्हलर बुक झाली, तेरा माणसं मोशीच्या चौकात उभी राहिली आणि सुपरवायझरचे फोन सुरू झाले. सॉल्व्हर सुटल्यानंतर, गणिताच्या बाहेर, 'राउंड' हेच बरोबर औषध होतं. मॉडेलच्या आत विष, बाहेर औषध. आमच्याकडे नेमकं उलट वापरलं गेलं.

आपल्या कुळातले सगळेच वाईट नाहीत, हेही नमूद करतो. डिझेलच्या सेलमध्ये आपण खुशाल राहावं, ४१.६ लिटर ही लाजेची गोष्ट नाही. मध्यंतरी उत्साहाच्या भरात एकाने लिटर, किलोमीटर, मिनिटं सगळ्यांवर 'इंट' ठोकून दिलं आणि सॉल्व्हर तासभर घुम्यासारखा बसला. तसंच, स्टोअरवाले ४,३१२.६ पोती मागत असतील तर त्यांनी ४,३१३ घ्यावीत आणि गप्प बसावं. एवढ्या ढिगात एका पोत्याने दिवाळं निघत नाही. आपण छळता ते थोड्या आणि महागड्या वस्तूंत: बस, मशीन, माणसं. आमच्या एका साहेबांनी मध्यंतरी नरेंद्र करमरकरांचं नाव काढलं. ग्वाल्हेरचा मराठी माणूस, आयआयटी मुंबईचा, त्याने १९८४ साली बेल लॅब्जमध्ये सिम्प्लेक्सलाच आव्हान देणारी पद्धत काढली. मग आम्हाला आठ बसचं गणित का जमू नये? अभिमान योग्य जागी आहे, पण ती पद्धतही तुकडे चालणाऱ्या गणितासाठीच आहे. करमरकर स्वतः आले तरी त्या पद्धतीने पहिलं उत्तर ८.६ च देतील, फक्त वेगळ्या रस्त्याने.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे पत्र बेदखलीच्या नोटिशीऐवजी निमंत्रण होऊन बसलं आहे.

सोमवारी वाहतूक खर्चाची मीटिंग आहे. वरून आकडा ठरून आला आहे: दिवसाला ७५,०००. "सॉल्व्हर आहे ना, ऑप्टिमाइझ करा." मी ७९,००० दाखवले की मला प्रयत्न कमी पडले असं सांगण्यात येईल, आणि एखादा उत्साही माणूस अटींपैकी एखादी ढिली करून ७५,००० काढूनही दाखवेल. ४३० चे ४०२ करेल, आणि वगळलेल्या अठ्ठावीस जणांची आठवण दुसऱ्या दिवशी सकाळी होईल. अशा वेळी मला आपली गरज आहे. कारण आपण ७७,४०० आहात. या भाड्यात, एवढ्या माणसांसाठी, बस करवतीने कापून आणायची मुभा दिली तरी याच्या खाली कोणी जाऊ शकत नाही. पूर्ण गाड्यांत तर नाहीच. हे माझ्या तोंडून ऐकलं तर सबब वाटते. आपण प्रोजेक्टरवर उभे राहिलात तर ते गणित ठरतं.

तरी सोमवारी सकाळी दहा वाजता दुसऱ्या मजल्यावरच्या कॉन्फरन्स रूममध्ये आपण उपस्थित राहावं. आपल्यासाठी 'खालची मर्यादा' नावाचा स्वतंत्र सेल एच-२ मध्ये काढून ठेवला आहे, फॉरमॅट दोन दशांशांचं. डी-५ कडे वळू नये.

कळावे,
आपला,
वाहतूक नियोजन, ॲडमिन विभाग

प्रत माहितीसाठी: अकाउंट्स विभाग (कॅल्क्युलेटरसह).
प्रत योग्य त्या कार्यवाहीसाठी: श्री. १.९९९९९९९, मुक्काम सेल डी-६.