प्रॉक्सी कोणाकडचा?

फॉरवर्ड प्रॉक्सी आणि रिव्हर्स प्रॉक्सी यांच्या आकृत्या शेजारीशेजारी ठेवल्या, तर दोन्हींत डावीकडे ग्राहक-संगणक, उजवीकडे सर्व्हर, मधे एक चौकोन आणि तेच बाण दिसतात. त्यामुळे ‘रिव्हर्स’मध्ये नेमके उलटे काय, हे शोधताना एखाद्या विद्यार्थ्याने पुस्तकच उलटे धरले तरी त्याला दोष देता येत नाही. उलटे काहीच नसते. एकाची विनंती घेऊन ती स्वतःच्या नावाने दुसऱ्याकडे नेणारा आणि उत्तर परत आणून देणारा सर्व्हर म्हणजे प्रॉक्सी, ही व्याख्या दोघांनाही लागू पडते. मंगल कार्यालयात अनोळखी पाहुण्याला विचारतात तोच प्रश्न येथे निर्णायक ठरतो : आपण कोणाकडचे?

फॉरवर्ड प्रॉक्सी ग्राहकाकडचा. फायरवॉलच्या, म्हणजे संस्थेच्या जाळ्याभोवतीच्या संरक्षक भिंतीच्या आत अडकलेल्यांना बाहेरचे वेब पाहता यावे, ही त्याची मूळ कामगिरी असून आरी लुओटोनेन आणि केव्हिन आल्टिस यांनी १९९४ मध्ये तिच्यावर निबंध लिहिला होता. भिंतीला पाडलेल्या या दारावर पुढे पहारेकरीही बसला आणि कार्यालयीन वेळेत क्रिकेटचा धावफलक पाहू न देणे हे त्याचे कर्तव्य झाले, याला व्यवस्थापनशास्त्र प्रगती म्हणते.

रिव्हर्स प्रॉक्सी सर्व्हरकडचा. पाहुणे त्यालाच संकेतस्थळ समजतात आणि तोही तो गैरसमज दूर करत नाही, कारण आतल्या अनेक सर्व्हरांमध्ये काम वाटणे, वारंवार मागितलेली पाने साठवून ठेवणे आणि सांकेतिक लिपीतील संभाषण उलगडणे ही कामे त्याच्याकडे असतात. इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये खुला केलेला एनजिनएक्स हा सर्व्हर याच कामामुळे नावारूपाला आला. मात्र या बंदोबस्तात आतल्या सर्व्हरला सगळे पाहुणे एकाच पत्त्यावरून आलेले दिसू लागतात, म्हणून प्रॉक्सी प्रत्येक विनंतीला मूळ पत्त्याची ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ नावाची चिठ्ठी जोडतो. अशी चिठ्ठी पाहुणा घरूनच लिहून आणू शकतो, हे विसरणाऱ्या प्रशासकाच्या नोंदवहीत कोणीही कुठूनही येऊन जातो.

अपाचे हा सर्व्हर दोन्ही भूमिका करतो आणि खरा घोटाळा तेथेच संभवतो. रिव्हर्स प्रॉक्सीला ‘प्रॉक्सीरिक्वेस्ट्स’ ही आज्ञा लागत नसतानाही केवळ नावावर भाळून ती चालू केली आणि प्रवेशावर बंधन घातले नाही, तर आपल्या संकेतस्थळाचा दरवाजा सांभाळायला नेमलेला हा इमानी सेवक जगातील कोणाही भामट्याचे निरोप आपल्या पत्त्यावरून पोहोचवू लागतो, तेही विनावेतन.

दोन्ही मध्यस्थ एकाच वाटेवर असले, तर ते एकमेकांशीच बोलतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याला मूळ पक्ष समजतो. परवलीचा शब्द न मिळाल्यास फॉरवर्ड प्रॉक्सी ४०७ हा आकडा दाखवतो, आतल्या सर्व्हरने धड उत्तर न दिल्यास रिव्हर्स प्रॉक्सी ५०२ दाखवतो. आणि वापरकर्ता दोन्ही वेळा निमूटपणे उठून घरचा राउटर बंद करून पुन्हा चालू करतो.