लेबलतपासनीस अण्णा

महाडच्या बाजारपेठेत किराणा दुकानाच्या दारात, चष्मा कपाळावर सरकवून बिस्किटाचा पुडा नाकाला लावलेला माणूस दिसला की समजावं, अण्णा आलेत. दुकानदार विचारतो, "अण्णा, घेताय की नुसतं वाचताय?" अण्णा वाचतात.

उभा जन्म एसटीत कंडक्टरकीत गेला. महाड-पोलादपूर फेरीत विनातिकीट माणूस त्यांच्या तावडीतून सुटला नाही. निवृत्तीनंतर मधुमेह निघाला आणि आता ते साखर पकडतात.

"ही बया नाव बदलून बसते! डेक्स्ट्रोज, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, फळांच्या रसाचा अर्क, सगळं एकच खानदान. माल्टोडेक्स्ट्रिन तर साखरेच्या रकान्यात दिसतच नाही. कार्बोहायड्रेटच्या गर्दीत उभं राहतं, रक्तात मात्र धावत उतरतं."

पुड्यावर नाचणीचं झोकदार कणीस छापलेलं असतं. अण्णा तो उलटा करतात. "घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, नियम आहे. बघ, पुढच्या सीटवर मैदा, शेजारी साखर, नाचणी पार मागच्या बाकावर! 100 ग्रॅममागे 24 ग्रॅम साखर, म्हणजे सहा चमचे." गिऱ्हाईक पुडा ठेवून देतं, दुकानदार कपाळाला हात लावतो.

कोकमाची बाटली दिसली की अण्णांचा ठरलेला प्रश्न, "आगळ की सिरप?" आगळात मीठ, सिरपात साखर. परवा पुतण्या आंबेनळी घाट उतरून महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरी क्रश घेऊन आला. अण्णांनी घटक वाचले. "साखर! पण निदान स्वतःच्या नावाने प्रवास करतेय." या प्रामाणिकपणावर खूश होऊन त्यांनी दोन चमचे चाटले.

लग्नाच्या पंगतीत तर अण्णा निर्धास्त. भाताचा डोंगर, त्यावर वरण, मग जिलेबी. काकूंनी डोळे वटारले तर म्हणतात, "यावर लेबल कुठाय?"

तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी मात्र तपासणी पथकाच्या जातीची. तिने कंडक्टरलाच धरलं. डॉक्टरांनी आकडा दाखवला तेव्हा अण्णांनी रिपोर्ट उलटा करून मागे काही छापलंय का, तेही पाहिलं.

तर मंडळी, पुडा उलटा करून वाचायची अण्णांची सवय जरूर उचला, तिच्यात खोट नाही. फक्त पंगतीतला त्यांचा नियम उचलू नका. भाताला आणि जिलेबीला लेबल नसतं, पण रक्तात दोन्हींची साखर होतेच.