फर्स्ट अटेम्प्टवाला

वर्ध्यात सीए करणारी पोरं पुष्कळ आहेत. आमच्या गल्लीतला हा मात्र त्यांच्यातला वेगळा. बाकीचे सीएचा अभ्यास करतात, हा फर्स्ट अटेम्प्टचा करतो. बारावी कॉमर्सला ९१ टक्के पडले, पाठोपाठ फाउंडेशन एका दमात निघाली आणि तिथंच घात झाला. वडिलांनी बजाज चौकात पेढे वाटता वाटता सांगून टाकलं, की पोरगा इंटरही पहिल्याच फटक्यात काढते. तेव्हापासून त्या घराची अब्रू सीए इन्स्टिट्यूटच्या हाती आहे.

तयारीत कसर म्हणून नाही. टाइमटेबल चार्टपेपरवर, पाच रंगांत. टॅक्सला लाल, कॉस्टिंगला हिरवा, झोपेला फिकट पिवळा. ते बनवण्यात आठवडा गेला. मग तो गेलेला आठवडा भरून काढण्यासाठी दुसरं टाइमटेबल बनवावं लागलं. पहाटे ४ चा गजर लावला की हा सोडून अख्खी गल्ली उठते. दिल्लीच्या सरांची लेक्चरं पेनड्राइव्हमध्ये आहेत, ती हा दुप्पट स्पीडनं ऐकतो. त्यामुळे साध्या चालीनं बोलणारी माणसं त्याला आजारी वाटू लागली आहेत. आई "भाकर घे" एवढं म्हणेपर्यंत हा "हं हं, पुढं" म्हणून मोकळा होतो.

एक सांगतो, त्याची बुद्धी कमी नाही. पण जमाखर्चाचं गणित बघून समजतं आणि सोडवून येतं, हा बघणाऱ्यांतला. तीन तास घड्याळ लावून अख्खा मॉक पेपर लिहायचा म्हटलं की याला आठवतं, की आधी एकदा सिलॅबस पूर्ण व्हायला हवा. सिलॅबस पूर्ण होत आला की बजेट येतं आणि टॅक्स बदलतो. मग काय, निर्मला सीतारामन यांनी अभ्यास बुडवला म्हणून हा दोन दिवस चिडून बसतो. १ जुलैला, म्हणजे इन्स्टिट्यूट १९४९ साली स्थापन झाली त्या दिवशी, सीए डेच्या शुभेच्छा मात्र आगाऊ स्वीकारतो.

खरी पंचाईत नातेवाइकांची. पुलगावची मावशी आली की विचारते, "किती टक्के लागते रे पास व्हाले?" हा उत्साहानं समजावतो : प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपमध्ये एकूण ५० टक्के. तीन पेपर, ३०० पैकी १५०. दोन्ही ग्रुप एकदम दिले, तर ६०० पैकी ३०० पडले तरी भागतं. एका ग्रुपातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा, पण ४० च्या खाली कुठं घसरायचं नाही. शिवाय ६० पडले तर त्या पेपरला एक्झम्प्शन. मावशी हे सगळं शांतपणे ऐकून घेते आणि म्हणते, "पन्नासच? आमची चिंगी तं अभ्यास न करता साठ आणते." त्या दिवशी घरात कोणी कोणाशी बोलत नाही.

गल्लीच्या टोकाला खादीवाले एक आजोबा राहतात. त्यांनी एकदा याला गाठलं. "अरे, तू रोज मगनवाडीवरून गाडी हाकत जातोस. तिथं कोण राहत होतं, ठाऊक आहे? जे. सी. कुमारप्पा! लंडनला हिशेबनिशी शिकले, मुंबईत ऑडिटर होते, मग अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र केलं. १९३४ साली गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढला, तेव्हा ते इथं आले. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, या सगळ्याचं अर्थशास्त्र मांडत बसले." पोरानं कधी नव्हे ते साध्या स्पीडनं सगळं ऐकलं. डोळे चमकले. म्हणाला, "आजोबा, त्यांनी दोन्ही ग्रुप एकदम दिले होते का?"

पूर्वी इंटर वर्षातून दोनदा असायची. २०२४ पासून जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी तीनदा आहे. कष्टाळू पोरांची सोय झाली, याची मात्र अडचण. पूर्वी सहा महिने निवांत असायचे, आता चार महिन्यांत परीक्षा पुन्हा दारात. जानेवारीत लग्नं. मे महिन्यात ४५ डिग्री, त्यात लाइन जाते. डोकं चालवायचं की कूलरमध्ये पाणी भरायचं? सप्टेंबरच्या तोंडावर पोळा, तान्हा पोळा, मागोमाग गणपती. अटेम्प्टचा याचा हिशेबही वेगळा. फॉर्म भरला पण बसला नाही, तो अटेम्प्ट धरायचा नाही. बसला पण तिसऱ्या पेपरनंतर नागपूरहून घरी परतला, तो अर्धाही धरायचा नाही. बसला आणि नापास झाला, तो 'पॅटर्न समजून घेण्यासाठी' दिलेला. त्याचा खर्च प्रशिक्षणाच्या खाती. या वह्यांचं ऑडिट करायची हिंमत वडिलांतही नाही. ते आता बजाज चौकातून न जाता लांबच्या रस्त्यानं घरी येतात.

आणि परवा निकाल लागला. पोरगा पास! दोन्ही ग्रुप, एकदम. या खेपेला त्यानं म्हणे टाइमटेबलच बनवलं नव्हतं, नुसते पेपर सोडवत होता. चौकात कोणीतरी खवचटपणे "कितवा रे?" म्हणालं, तर हा छाती काढून म्हणाला, "पास होण्यासाठी दिलेला पहिलाच!" वडील पुन्हा जवळच्या रस्त्यानं आले, हातात गोरसपाकाचे डबे. दोन वर्षांच्या आर्टिकलशिपसाठी नागपुरात खोली बघायचं ठरू लागलं.

पुलगावची मावशी सकाळच्याच गाडीनं आली. पोरगा पाया पडला.

"किती पडले?"

"५१ टक्के, मावशी!"

मावशीचा हात त्याच्या डोक्यावरच थबकला. मग तिनं आवाज खाली आणून, आईला ऐकू जाणार नाही असं त्याची समजूत घातली, "होते बाबू, मनाले नको लावून घेऊ. पुढच्या टायमाले चांगले पडतीन."