आम्स्टेलवेनचे केशरीराव

नेदरलँड्समधल्या आम्स्टेलवेनच्या मराठी मंडळींत एखादे तरी केशरीराव असतातच. आयटीतली नोकरी, बऱ्याच वर्षांचा मुक्काम, आणि नव्याने आलेल्याला त्याचं अज्ञान प्रेमाने दाखवून द्यायची हौस. वर्षभर ते डच लोकांना नावं ठेवतात. कॉफीबरोबर एकच बिस्कीट देतात, दुपारी कोरडा पाव खातात, वगैरे. २७ एप्रिल उजाडला की मात्र स्वारी एकदम राजनिष्ठ! राजे विलेम-अलेक्झांडर यांचा वाढदिवस म्हणजे घरचंच कार्य.

राजघराणं ऑरेंज-नासाऊ, म्हणून त्या दिवशी सगळा देश नारिंगी. केशरीराव त्यासाठी छदाम खर्च करत नाहीत. पाडव्याचा फेटा असतोच. डच शेजारी फोटो मागतात, तेव्हा ते मिशीला पीळ देतात. मिशी नाही, ही गोष्ट वेगळी.

खरा जीव अडकलेला असतो ‘फ्रायमार्क्त’मध्ये. या दिवशी कुणीही परवान्याशिवाय रस्त्यावर घरातलं जुनं सामान विकू शकतो. जागा आधीच खडूने नाहीतर चिकटपट्टीने आखून ठेवायची. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात उमेदवारी केलेल्या माणसाला हे काय शिकवायचं? मग चादर पसरून मुलाचे तोकडे झालेले बूट, दोन फुलदाण्या आणि एक प्रेशर कुकर मांडला जातो. कुकरचे पाच युरो. डच बाई तीन म्हणते, हे साडेचारावर अडतात, ती चालू लागते. ‘बरं, तीन!’ म्हणत हे फेटा सावरत मागे धावतात. संध्याकाळी विकल्यापेक्षा विकत घेतलेलं सामान जास्त असतं. वहिनी काही बोलत नाहीत, फक्त माळ्याकडे बघतात.

मुलाला फोंडेलपार्कात तबला वाजवायला बसवायचा त्यांचा दरसालचा बेत. तिथे हा दिवस मुलांचा असतो. ‘बाबा, मी सरबत विकतो ना,’ मुलगा म्हणतो, आणि बापापेक्षा जास्त कमावतो.

नवख्यांसाठी इतिहासही तयार असतो. २०१३पर्यंत हा सण राणीच्या नावाने ३० एप्रिलला व्हायचा. बेआट्रिक्स राणींचा वाढदिवस ३१ जानेवारीचा, पण त्या थंडीत रस्त्यावर कोण येणार? म्हणून त्यांनी आई युलियाना यांचीच तारीख कायम ठेवली. ‘लागूनच आपला महाराष्ट्र दिन! राणीसाहेबांना जाण होती हो,’ केशरीराव हळहळतात.

तो कुकर अजून विकायचाच आहे. एप्रिलअखेर तिकडे जाणार असाल तर जरूर घ्या, फक्त शिट्टी बरोबर न्या.