छत गळो, फाईल न गळो
(नव्या मुख्याध्यापकांसाठी अनुदानाची बाराखडी)

अभिनंदन. भंडारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचा प्रभार तुमच्याकडे आला आहे. पगार तोच, सही मात्र आता दुप्पट ठिकाणी करायची. दोन वर्गखोल्या, चार इयत्ता, एक शिकस्त खोली, एक बंद हातपंप आणि भिंतीवर टांगलेल्या डझनभर योजनांचे तक्ते, एवढी तुमची मालमत्ता. पहिल्याच आठवड्यात गावकरी विचारतील, "काहो गुरुजी, छत कधी होते जी?" घाबरू नका. सरकारकडे शाळांसाठी पैसा आहे. तो गावापर्यंत कसा आणायचा, एवढंच शास्त्र शिकायचं आहे. पुढच्या पायऱ्या क्रमाने वाचा. मध्येच अडलात तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. पोर्टलही तेच करायला लावतं, तेव्हा सवय झालेली बरी.

१. शाळा म्हणजे काय, ते आधी समजून घ्या.

शाळा म्हणजे मुलं, फळा आणि घंटा, अशी तुमची समजूत असेल. ती डी.एड.ला ठीक होती. शाळा म्हणजे ११ अंकी यू-डायस क्रमांक. पहिले दोन अंक २७, म्हणजे महाराष्ट्र. पुढचे दोन १०, म्हणजे भंडारा. उरलेले तुमचे. हा क्रमांक झोपेतून उठवलं तरी सांगता आला पाहिजे. चौथीतल्या मुलाचं नाव विसरलात तर तो रागावणार नाही. क्रमांकाचा एक अंक चुकला तर तुमचं अनुदान गोंदियाला जाईल. त्यांचा अंक ११ आहे, फार लांब नाही. तसाही तो जिल्हा १९९९ पर्यंत आपलाच होता, एवढंच समाधान.

२. पटावर लक्ष ठेवा.

२०१८ साली सर्व शिक्षा अभियान आणि माध्यमिक शिक्षा अभियान एकत्र करून समग्र शिक्षा आली आणि तिच्यासोबत संयुक्त शाळा अनुदान आलं. पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १० हजार रुपये. ३१ ते १०० असेल तर २५ हजार. पुढे पायरीपायरीने वाढत हजारावर पट गेला की १ लाख. आपल्याकडे पाऊस पट पाहून पडत नाही. २८ मुलांच्या छतावरही तो तेवढाच कोसळतो. पण ही तक्रार करायची जागा पोर्टलवर नाही.

१० हजारांत काय करायचं? वीजबिल भरायचं, खडू-डस्टर आणायचं, टाकी धुवायची, नळाची तोटी बदलायची, शाळा रंगवायची. किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे, म्हणजे हजार रुपयांत वर्षभर स्वच्छता. उरलेल्या पैशांत छत.

आता हिशेब बघा. तुमचा पट ३० असेल तर एकतिसावा विद्यार्थी १५ हजारांचा आहे. गावात कुणाचा भाचा मामाकडे राहायला आला असेल तर त्याच्याकडे या नजरेने पाहायला शिका. मात्र पट विसाच्या खाली जाऊ देऊ नका. २०२३ मध्ये अशा १४ हजारांहून जास्त शाळा राज्यात मोजल्या गेल्या आणि त्यांच्यासाठी, त्या एकत्र करण्याचा, 'समूह शाळा' नावाचा उपाय निघाला. शाळाच उरली नाही की छत गळण्याचा प्रश्न मुळातून सुटतो. इतका टिकाऊ उपाय दुसऱ्या कोणत्याही योजनेत नाही.

३. दोन फाईली करा : एक लाल, एक हिरवी.

ही सर्वांत महत्त्वाची पायरी. नवशिक्यांचा घोटाळा इथेच होतो. ते खरं लिहितात.

दरवर्षी भरायचा यू-डायसचा अर्ज विचारतो, मुलींचं स्वच्छतागृह आहे का? आहे. वापरात आहे का? इथे पेन खाली ठेवा आणि विचार करा. 'नाही' लिहिलंत तर संध्याकाळी केंद्रप्रमुखांचा फोन येईल. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे, कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आहेत, तुमच्या एका 'नाही'मुळे तालुक्याची टक्केवारी खाली आली आहे, तेव्हा ते तेवढं दुरुस्त करून घ्या. दुरुस्त करायचं म्हणजे उत्तर. 'होय' लिहिलंत तर दोन महिन्यांनी तुमचा दुरुस्तीचा प्रस्ताव परत येईल : "यू-डायसनुसार आपल्या शाळेतील स्वच्छतागृह सुस्थितीत असल्याने प्रस्ताव अमान्य."

जाणकार काय करतात? वर्गखोल्यांच्या रकान्यात 'किरकोळ दुरुस्ती आवश्यक' असा एक पर्याय आहे. त्याच्यावर प्रेम करा. स्लॅबची उघडी पडलेली सळई, वाकलेली बल्ली, फुटकी कौलं, सगळं त्यात मावतं आणि कुणाचीच टक्केवारी बिघडत नाही.

तर, लाल फाईल ही गरजेची. तिच्यात शाळा पडायला आलेली असते. हिरवी फाईल ही स्पर्धेची. तिच्यात शाळा पाहण्यासारखी असते. 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' या अभियानात राज्यातल्या पहिल्या शाळेला ५१ लाख आणि तालुक्यातल्या पहिल्या शाळेला ३ लाख ठेवले होते. दुसऱ्या टप्प्यातली १५० गुणांची वाटणी जरूर अभ्यासा : पायाभूत सुविधांना ३३, शैक्षणिक संपादणुकीला ४३ आणि शासनाच्या ध्येयधोरणांच्या अंमलबजावणीला ७४. खोली नाही म्हणून रडत बसू नका. धोरण राबवा, त्याला खोलीच्या दुप्पट गुण आहेत.

पीएम श्री ही त्याहून वरची यत्ता. २०२२ ची योजना, देशभरात साडेचौदा हजार शाळा, एका गटात जास्तीत जास्त दोन. आपले तालुके सात, म्हणजे भंडाऱ्याची उडी चौदापर्यंत. तिथे अर्ज करायला काय लागतं? चांगल्या स्थितीतली पक्की इमारत, उतरता रॅम्प, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, वीज, वाचनालय. एवढं सगळं असेल तर तुमची शाळा सुधारण्यासाठी निवडली जाऊ शकते. पंगतीत ज्याचं पान भरलेलं असतं त्याच्याकडेच वाढपी तिसऱ्यांदा वळतो. तुम्ही उगाच रिकामं पान वाजवत बसू नका.

दोन्ही फाईली एकाच टेबलावर ठेवू नयेत, हे सांगायला नकोच. आणि दोन्हींची तपासणी करायला एकच साहेब आले तर? काळजी करू नका. त्यांच्याकडेही दोन नमुने असतात.

४. छायाचित्रणाची आवड जोपासा.

छत गळतं जुलै-ऑगस्टमध्ये. छत गळत असल्याचा अहवाल मागवला जातो जानेवारीत, व्हॉट्सॲपवर, दुपारी तीनला : "आज ५ वाजेपर्यंत, जीपीएस फोटोसह, निरंक असल्यास निरंक कळवावे." जानेवारीत आकाश निरभ्र. म्हणून पावसाळ्यातच बादल्या, ओली दप्तरं आणि कोपऱ्यात सरकवलेली मुलं यांचे फोटो काढून ठेवा. फोटोखाली तारीख, वेळ, अक्षांश आणि रेखांश उमटले पाहिजेत. २१ अंशांच्या आसपासचा अक्षांश आणि ७९ अंशांवरचा रेखांश दिसला की साहेबांना खात्री पटते, की हे गळणं आपल्याच जिल्ह्यातलं आहे.

लाल फाईलच्या फोटोत मुलांनी हसू नये. हिरव्या फाईलच्या फोटोत हात धुवावेत. नळाला पाणी नसेल तर मुलं तळवे चोळतात तेव्हा टिपा, फरक कळत नाही.

भिंती बोलक्या करून घ्या. ओल आली असेल तिथे हिंदी महासागर रंगवा. दर पावसाळ्यात तो आपोआप वाढतो आणि मुलांना समुद्राची पातळी वाढणं म्हणजे काय ते प्रत्यक्ष दाखवता येतं. याला नवोपक्रम म्हणतात. त्याचा वेगळा फोटो काढा.

५. शाळा व्यवस्थापन समितीची सभा घ्या.

समितीत पाऊण भाग पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. शाळा विकास आराखडा त्यांनीच करायचा, असं कायदा म्हणतो. कायदा फार चांगला आहे, फक्त त्याने धानाची रोवणी पाहिलेली नाही. जुलैमध्ये सभा लावलीत तर अख्खी समिती बांधीत चिखलात उभी असते. रजिस्टर तिकडे घेऊन जा. धुऱ्यावर बसून ठराव लिहा, सूचक आणि अनुमोदक यांची नावं चिखल लागू न देता घ्या. एखादी बाई विचारेल, "गुरुजी, पोरींच्या संडासचं काय झालं?" हा विषय ऐनवेळच्या विषयांत घ्या. ऐनवेळी वेळ संपतो.

६. दाते शोधा.

आमदार-खासदार निधीतून काम झालं तर नावाची पाटी आधी लावून घ्या. ती नेहमी वेळेत तयार होते.

तुमचं गाव तुमसर तालुक्यात, चिखला किंवा डोंगरी बुजुर्गच्या बाजूला असेल तर पायाखाली मँगनीज आहे आणि २०१५ च्या कायद्याने आलेलं जिल्हा खनिज प्रतिष्ठान तुमच्या ओळखीचं असायला हवं. शिक्षण हा त्या निधीचा प्राधान्याचा विषय आहे. पायाखाली फक्त धान असेल तर नशिबाला बोल लावा. वैनगंगेची वाळूही खनिजच, पण ती बरेचदा रात्री प्रवास करते आणि रात्री शाळा बंद असते.

मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कायद्याप्रमाणे सरासरी नफ्याचे २ टक्के समाजावर खर्च करावे लागतात. शाळा राष्ट्रीय महामार्ग ५३ पासून जवळ असेल तर तुमच्यावर समाज म्हणून नजर पडण्याची शक्यता जास्त. लांब असेल तर रस्त्याचा प्रस्ताव आधी. कंपनीवाले काय देतात ते घ्या. तुम्ही पत्रे मागाल, ते टीव्ही देतील. वीज तोडलेली आहे हे सांगू नका, देणाऱ्याचं मन मोडतं. टीव्ही कोरड्या कोपऱ्यात ठेवा, मुलं सरकतील.

थोडी मोठी झेप घ्यायची असेल तर दत्तक शाळा योजना आहे, सप्टेंबर २०२३ ची. ग्रामीण शाळा ५ वर्षांसाठी दत्तक घ्यायची तर ५० लाख, १० वर्षांसाठी १ कोटी. रोख नाही, वस्तू आणि सेवांच्या रूपात. दात्याच्या इच्छेप्रमाणे त्याचं नाव शाळेला जोडता येतं. गावातला मोठ्यात मोठा धनी म्हणजे राइस मिलवाला. त्याला सहज विचारून बघा. तो चहा देईल, पन्नास लाखांचा आकडा ऐकून साखर कमी घालेल आणि येत्या २६ जानेवारीला बुंदी वाटायचं कबूल करेल. हाही लोकसहभागच. नोंद घ्या.

७. मार्चची तयारी जूनपासून करा.

विदर्भात शाळा आधीच उशिरा उघडतात. पैसा त्याहून उशिरा येतो. आणि तो येतो म्हणजे खात्यात येत नाही. २०२१ पासून शाळेचं खातं शून्य शिलकीचं असतं. तुम्हाला दिसते ती खर्चाची मर्यादा. ती ३१ मार्चच्या रात्री जिथून आली तिथे निघून जाते. खर्च झाला नाही तर पुढच्या वर्षी शेरा येतो, की शाळेस आवश्यकता दिसत नाही.

म्हणून मर्यादा दिसली रे दिसली की धावा. दुकानदाराची पीएफएमएस या सरकारी देयकांच्या पोर्टलवर नोंदणी करा. तो म्हणेल, "सर, तीन डबे रंगासाठी आधार, पॅन, पासबुक?" त्याची समजूत काढा. पीपीएची, म्हणजे बँकेला द्यायच्या देयक-सूचनेची, प्रत छापा, त्यावर समितीच्या अध्यक्षांची सही घ्या (मार्चमध्ये त्या उन्हाळी धानाला पाणी द्यायला गेलेल्या असतात), बँकेत जा, सर्व्हर बंद असेल तर परत या. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. या काळात चार इयत्तांना एकत्र शुद्धलेखन द्यावं.

उपयोगिता प्रमाणपत्र मात्र खर्चाआधीच तयार ठेवा. ते नेहमी खर्चाआधीच मागितलं जातं.

८. नवी वर्गखोली हवीच असेल तर धीर धरा.

जुनी खोली पाडल्याशिवाय नवी मिळत नाही. जुनी पाडायला निर्लेखन मंजूर व्हावं लागतं. निर्लेखनासाठी अभियंत्याने खोली धोकादायक आहे असं लिहावं लागतं आणि ते पाहायला त्यांनी खोलीत शिरावं लागतं, जे ते खोली धोकादायक असल्यामुळे टाळतात. त्यानंतर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. दरम्यान सिमेंट महागतं आणि अंदाजपत्रक सुधारावं लागतं.

मन खट्टू झालं तर पवनीकडे जाऊन गोसीखुर्द धरण पाहून या. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, तेव्हा अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढे तो १८ हजार कोटींच्या वर गेला. या हिशेबाने तुमची एक खोली अजून बाल्यावस्थेत आहे. तिथे भिंत उभी राहून पाणी अडलं आणि कित्येक गावांना शाळेसकट उठावं लागलं. तुमच्या शाळेत निदान पाणी तरी वरून येतं आणि खालून निघून जातं.

९. मंजुरी आली की बदलीची तयारी ठेवा.

हा योगायोग नसतो, ऑनलाइन बदली पोर्टल असतं. पदभार देताना यादी नीट करा : शिकस्त खोली एक, बंद टीव्ही एक, हिंदी महासागर एक, लाल फाईल, हिरवी फाईल. नव्या गुरुजींची सही घ्या. पीएफएमएसवर मोबाइल नंबर बदलण्याचा अर्ज गटसाधन केंद्रात देऊन ठेवा आणि त्यावर फार विसंबू नका. पुढची दोन वर्षं त्या शाळेच्या प्रत्येक रुपयाचा ओटीपी तुमच्याच फोनवर येणार आहे, बहुधा तुम्ही लाखांदूरला रजिस्टर घेऊन बांधीत उभे असाल तेव्हा. उचलत जा. दहा मिनिटांत त्याची मुदत संपते.